यादविगाबाईंचं निवेदन

आमच्या विल्न्यूसच्या केंद्रात तैसा माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. सीमेपलीकडे, बेलारूसमध्ये, निवडणुका कशा होतात, तुरुंगात माणसांना कसं वागवतात, हे शोधून जगापुढे मांडायचं, हे आमचं काम. तैसा तिकडचीच. मोर्चात पकडली गेली, सुटली आणि इकडे निघून आली. आई यादविगा मात्र गावीच राहिली.

महिला कैद्यांवरचा तैसाचा अहवाल गुरुवारी जाहीर व्हायचा होता. आदल्या दिवशी सकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला. तैसानं हसतच उचलला आणि तिचं हसू विरलं. म्हातारी सणासुदीचा रुमाल डोक्याला बांधून ताठ बसली होती. हातात कागद. कडेला कुणाची तरी काळी बाही दिसत होती.

“तैसा,” यादविगाबाई वाचू लागल्या, “परक्यांच्या जिवावर तू देशाची बदनामी करते आहेस. मला तुझी लाज वाटते. हे काम सोड आणि घरी ये. तुला कुणी काही करणार नाही.”

वाचून झालं. त्यांनी चष्मा काढून कागदावर ठेवला.

“हे यांचं झालं. आता माझं ऐक, पोरी. आलीस तर दारात उभी करणार नाही. आणि उद्या वाचशील ते खणखणीत वाच. शाळेतल्यासारखं पुटपुटू नकोस!”

बाही हलली. पडद्यावर नुसतं छत दिसलं. “ए बाई!” असा पुरुषी आवाज आला आणि फोन बंद झाला.

दुपारी शेजारणीकडून कळलं, यादविगाबाईंना गाडीत घालून नेलं. संध्याकाळी तिकडच्या एका वाहिनीनं ते निवेदन दाखवलं. ‘तुला कुणी काही करणार नाही’ इथपर्यंतच.

आमच्या संचालक दाइवाबाई तैसाजवळ येऊन बसल्या. “पुढे ढकलू या का? आधी तुझी आई. इथं कुणी तुला भित्री म्हणणार नाही.”

“तुम्ही नाही म्हणणार हो. आई म्हणेल,” तैसा म्हणाली. 

गुरुवारी सभागृह भरलं होतं. तैसा बोलायला उभी राहते न राहते तोच मागच्या रांगेतून राखाडी कोटातला एक माणूस उठला.

“तुमच्या सख्ख्या आईला तुमची लाज वाटते. अख्ख्या देशानं पाहिलं. तुम्ही कसली लोकशाही शिकवणार?”

तैसानं हातातली पानं टेबलावर ठेवली. 

“पाहिलंत ना? मग अर्धंच का पाहिलंत? तिनं चष्मा काढला, त्याच्यानंतरचं दाखवा. तुमच्याकडेच आहे ते. लावा. आम्ही थांबतो.”



“लावा की!” कुणीतरी ओरडलं. मग सगळेच ओरडू लागले. राखाडी कोटवाला लोकांच्या पायांना अडखळत बाहेर पडला, तोवर ओरडत राहिले.

“दार लावून घ्या हो, वारा येतोय,” दाइवाबाई म्हणाल्या.

मग तैसानं वाचलं. माइक किंचाळायला लागला, तर तो बाजूला सारून वाचलं.

यादविगाबाई काही आठवड्यांनी सुटल्या. शेजारणीच्या फोनवरून त्यांचा चेहरा दिसला. गाल आत गेले होते.

“आई, इकडे ये. मी सीमेवर घ्यायला येते.”

“मी का येऊ? घर माझंय. जायचं तर त्यांनी जावं. ते राहू दे, आधी लिहून घे. आत रात्रभर दिवा चालू ठेवतात. लापशी कुत्रं खाणार नाही. आणि पलीकडच्या कोठडीतल्या एका पोरीला औषध देत नव्हते, तर आम्ही सगळ्याजणी दार बडवत बसलो.”

“मग, दिलं का?”

“न देऊन जातात कुठे? हा हात बघ!”

आणि सुजून काळानिळा पडलेला हात कॅमेऱ्यासमोर नाचवत म्हातारी खदखदून हसली.