मिओरीचा माफीनामा

रविवारी मिओरी घरी असली की ताकाए आवर्जून मासे भाजायची. तेवीस वर्षांची तिची ही लेक नऊ वर्षं गात होती आणि यंदा प्रथमच तिला टीव्ही मालिकेत परिचारिकेची मोठी भूमिका मिळाली होती. मायलेकी जेवायला बसल्या तोच, जिच्यासाठी मिओरी गायची त्या कंपनीचे व्यवस्थापक कुवाबाता आले. त्यांनी एक साप्ताहिक मिओरीच्या वाडग्याशेजारी ठेवलं. छायाचित्रात ती भाजीची पिशवी घेऊन रिओहेईच्या खोलीत शिरत होती. रिओहेई कार्यक्रमांत दिवे सांभाळायचा.

"कधीपासून चाललंय हे?" ताकाएनं विचारलं.

"दोन वर्षं झाली, आई."

कुवाबातांनी एक छापील कागद पुढे केला. "उद्या अकराला पत्रकार येतील. काळे कपडे घाल. हे वाच आणि मी सांगेपर्यंत वाकून राहा. रडू आलं तर आवरू नकोस."

'मी चाहत्यांचा विश्वासघात केला,' मिओरीनं वाचलं. "साहेब, तुम्हाला बायको आहे ना?"

"माझे फोटो कुणी उशाशी ठेवत नाही, पोरी. आणि करारावर सहीच्या जागी शिक्का तुझ्या आईचा आहे. सातवं कलम. पंचविशीपर्यंत प्रेम करायचं नाही."

"वाक गं बाई," ताकाए म्हणाली. "अर्ध्या मिनिटाचं तर काम. हातची मालिका जाईल."

दुसऱ्या दिवशी मिओरीनं पहिली ओळ वाचली आणि कागद मिटला. "माझं एका माणसावर प्रेम आहे. त्याची मी माफी मागणार नाही," एवढंच ती म्हणाली. ती वाकली नाही.

मालिकेतले तिचे प्रसंग दुसरीला घेऊन पुन्हा चित्रित झाले. ज्या नावानं ती गायची ते कंपनीचं होतं, तेही गेलं. रिओहेईला कुणी काम देईना. महिनाभर तो तिच्यासोबत राहिला, मग गावी गेला आणि फोन उचलेनासा झाला. मिओरी जेवणाचे डबे भरण्याच्या कारखान्यात लागली.

ताकाए मात्र मिठाईचे डबे घेऊन शेजाऱ्यांची माफी मागत फिरली. "मुलीमुळे तुम्हाला त्रास झाला," ती दारोदार वाकून म्हणायची. तिसऱ्या दारी म्हाताऱ्या होत्ताबाईंनी विचारलं, "पण पोरीनं केलं तरी काय?"

ताकाएनं तोंड उघडलं, पण तिला सांगता येईना. उरलेले डबे घेऊन ती घरी परतली. "चौदाची होतीस तू," ती मिओरीला म्हणाली. "शिक्का मारला तेव्हा मी तुला विचारलंसुद्धा नाही."

मिओरीनं तिच्या हातातले डबे घेतले आणि फळीवर ठेवले.

वसंतात मागच्या गल्लीतली एक बाई तेरा वर्षांच्या होनामीला घेऊन आली. पोरीची त्याच कंपनीत गाण्यासाठी निवड झाली होती. कराराचा कागद कसा भरायचा, हे बाईला विचारायचं होतं. ताकाएनं तिला सातवं कलम मोठ्यानं वाचायला लावलं. मग मिओरीचं काय झालं, ते पहिल्यापासून सांगितलं.

बाईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "वाईट झालं हो," ती म्हणाली. "पण आमची होनामी तसली नाही."

ताकाएनं कागदावर हात ठेवला. बाईनं तो हात हळूच बाजूला सारला आणि पिशवीतून शिक्का काढला.