डाव्या अंगठ्याचा खळगा

मित्रांनो, हे सांगायचंच नाही असं मी ठरवलं होतं. ज्याच्या भिंतीवर टांगलोय त्याच्याचविरुद्ध कसं बोलायचं? पण काल जे झालं त्यानंतर गप्प बसवत नाही.

मी एक जुना विळा आहे. अमेरिकेत, वेस्ट विंडसरला, विनयकाका नावाच्या रिटायर्ड डॉक्टरांच्या हॉलमध्ये, थर्मोस्टॅटच्या वर राहतो.

माझा जन्म डहाणूकडच्या डोंगरातला. लोहारानं मला नवशी नावाच्या वारली बाईसाठी घडवलं. ती डावखुरी, म्हणून माझे दाते उलट्या बाजूला काढले. तिच्या अंगठ्यानं माझ्या मुठीत खळगा पडला. आम्ही जमीनदाराचं गवत कापायचो, फुकट. वेठच ती. नाही म्हटलं की चाबूक, आणि चाबकामागे इंग्रजांचे पोलीस. मग एका वर्षी, ऐन गवताच्या दिवसांत, सगळ्या पाड्यांनी ठरवलं: कापायचं नाही. नवशी सगळ्यांच्या पुढे. गवत उभ्या उभ्या वाळलं. पोलिसांनी बंदुका रोखून विळे हिसकावले, जमीनदाराच्या ओट्यावर ढीग घातला. नवशीला धरून नेलं. पुढे तिचं काय झालं, मला माहीत नाही. जमीनदारानं ढिगातून मला उचललं.

तो जमीनदार म्हणजे विनयकाकांचे वडील.

तेव्हापासून मला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा मला संशय येतो. काका पाहुण्यांना सांगतात, "आमच्या बाबांनी हा इंग्रजांविरुद्ध उचलला!" पाहुणे फोटो काढतात. मला धरताना सगळ्यांचा हात अवघडतो, पण का, ते कुणी विचारत नाही.

काल त्यांची नात अनया शाळेच्या प्रोजेक्टसाठी माझा फोटो काढायला आली. मी सावध झालो. तिनं मला डाव्या हातात घेतलं. अंगठा बरोबर खळग्यात बसला.

"आजोबा, पणजोबा लेफ्टी होते?"

"छे गं! त्या काळी डावा हात वापरला तर मारच बसायचा."

"देन हूज इज इट? इट फिट्स मी."

काका हसले नाहीत. "मूठ फार खराब झालीये. सँडपेपर मारतो, मग फोटो काढ."

या भिंतीवर चाळीस वर्षं टांगलोय, कधी सँडपेपर आठवला नव्हता!

ते गॅरेजमध्ये गेले. मला वाटलं, ही पण त्यांचीच. पण अनयानं खळग्यात अंगठा ठेवून पटापट तीन फोटो काढले. काका आले तेव्हा मला पाठीमागे धरून उभी राहिली.

"नो, आजोबा. आधी सांगा कोणाचा."

काका सँडपेपर चुरगाळत राहिले. मग खुर्चीत बसले. "आपला नव्हता," म्हणाले. "बाबांनी काढून घेतलेला. नाव मी कधी विचारलंच नाही."

अनयानं पोस्टरवरचं 'माय हीरो पणजोबा' खोडलं. खाली लिहिलं: 'एका लेफ्टी माणसाचा विळा. नाव शोधतेय.'

मित्रांनो, जुनी वस्तू घासून लख्ख करण्याआधी बघा, ती कोणाच्या हातानं झिजलीये.

आणि अनया, इतक्या वर्षांत तू माझी पहिली मैत्रीण. नवशीचं नाव तुला ऐकू जाईल असं मला उच्चारता येत नाही. पण शब्द देतो: तू नवशीच्या पाड्यावर पोचेपर्यंत मी गंजणार नाही.