ओळख पटवणारी बाई

"जरा नीट बघत जा, बाई," कडूबा बाकावरून म्हणाला. तो एका उमेदवाराचा पोलिंग एजंट होता आणि सकाळपासून हे तिसऱ्यांदा सांगत होता.

लासूर स्टेशनच्या शाळेत ग्रामपंचायतीचं मतदान चालू होतं. वर्गाच्या कोपऱ्यात दोरीवर चादर टाकून आडोसा केला होता. बुरख्यातल्या बायका तिथं येऊन नकाब वर करत आणि आत बसलेल्या द्वारकाबाई यादीतला फोटो ताडून बघत. खरं तर त्यांना फोटोची गरज नव्हती. अंगणवाडीत सत्तावीस वर्षं काढलेली बाई. स्टेशनमागच्या गल्लीतल्या बायका त्यांना चालीवरूनही ओळखू यायच्या. मागच्या चार निवडणुकांत या आडोशाला इतक्या गप्पा रंगायच्या की बाहेर अधिकारी खाकरायचे.

आठ दिवसांपूर्वी बाजारतळावर सभा झाली. बाहेरगावचा वक्ता तासभर बोलला. बुरख्याआडून कोण मत टाकतं, कितीदा टाकतं, हे सगळं त्याला ठाऊक होतं. गाव तेवढं ठाऊक नव्हतं. ओळख पटवायला बसणारी बाईसुद्धा विकली गेलेली असते, असं तो म्हणाला तेव्हा टाळ्या पडल्या. द्वारकाबाईंनी त्या टाळ्या आपल्या घरी भाकरी थापता थापता ऐकल्या. दुसऱ्या दिवसापासून किराणा दुकानात लोक त्यांच्याशी जरा जास्तच अदबीनं बोलू लागले.

निवडणूक अटीतटीची होती. गल्लीतल्या बायका मतदानाला आल्या तर नळाची लाईन स्टेशनमागं येणार, नाहीतर ती पुन्हा पुढच्या आळीतच फिरणार, हे सगळं गाव जाणून होतं. द्वारकाबाईंना ती लाईन हवी होती. अंगणवाडी त्याच गल्लीत होती आणि पोरांच्या खिचडीचं पाणी त्या स्वतः हापशावरून आणत.

अकराच्या सुमारास वहिदा आली. तिच्या दोन्ही मुली द्वारकाबाईंच्या हाताखालून गेलेल्या. नकाब वर करून ती हसली. बाहेर कडूबानं मान लांब केली.

"नाव सांगा," द्वारकाबाई म्हणाल्या.

वहिदाला आधी थट्टा वाटली. "बाई, मी हाय."

"पूर्ण नाव सांगा. आन् कार्ड दाखवा."

वहिदानं नवऱ्याच्या नावासकट नाव सांगितलं. मग आधार कार्ड पुढं धरलं. त्याचा अर्ज द्वारकाबाईंनीच भरून दिला होता. मत टाकून ती खाली बघत निघून गेली, आणि त्यानंतर गल्लीतून कोणीच आलं नाही. एक वाजला, तीन वाजले. यादीत गल्लीतल्या एकशे चाळीस बायका, खुणा नऊ. द्वारकाबाईंना स्वतःची लाज वाटत होती. कडूबानं काहीच विचारायला सांगितलं नव्हतं. ते त्यांचं त्यांनीच विचारलं होतं. गल्लीत कोणाकरवी निरोप धाडावा असं दोनदा मनात आलं. पण निरोपात काय सांगायचं ते सुचेना.

पाच वाजता मुनिराचाची आल्या. वहिदाची सासू, सत्तरी ओलांडलेली. एकट्याच आल्या होत्या. द्वारकाबाई चादर सारून लगबगीनं उठल्या.

"या चाची, इकडं या."

चाचींनी तिकडं पाहिलं नाही. त्या सरळ टेबलासमोर उभ्या राहिल्या. कडूबा समोर होता, दारात सहा-सात पुरुषांची रांग होती. चाचींनी दोन्ही हातांनी नकाब वर केला. लग्न होऊन लासूरला आल्यापासून परक्या पुरुषानं त्यांचा चेहरा पाहिला नव्हता. रांगेतल्या दोघांनी नजर वळवली.

"देखो साहब," त्या म्हणाल्या. "मुनिरा बेगम, दाऊद खानची बायको. नीट बघून घ्या सगळे. बाद में कोई कुछ नक्को बोलना."

तरण्या अधिकाऱ्यानं घाईघाईनं फोटो ताडला आणि शाईची बाटली उघडली. चाचींनी बोट पुढं केलं. नकाब अजून वरच होता.

द्वारकाबाई टेबलापाशी आल्या. "साहेब, मी ओळखते यांना," त्या म्हणाल्या. "सत्तावीस वर्षं झाली, चांगलं ओळखते."

"राहू द्या बाई," अधिकारी मान वर न करता म्हणाला. "आता गरज नाही."