शवासनातली हाक

"नक्की किती वाजता पडल्या तुमच्या मिसेस?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी पाहिलं तेव्हा साडेसहा झाले होते," तो म्हणाला.

उत्तर खोटं नव्हतं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. दहा मिनिटांनी काही फरक पडला असता का, हे विचारायचं त्याच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण विचारायचं तर आधी ती दहा मिनिटं सांगावी लागली असती.

शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस तो. गिऱ्हाइकानं चाक दोनदा फिरवलं, की नुसत्या आवाजावरून दोष सांगायचा. वाकून वाकून कंबर धरली, तेव्हा एका म्हाताऱ्या शिक्षकांकडे योगासनं शिकला. त्याला तेवीस वर्षं झाली, पण एक दिवस चुकला नाही. पहाटे साडेपाचला सतरंजी टाकायची, साडेसहाला उठायचं, त्यातली शेवटची दहा मिनिटं शवासन. शिक्षक सांगायचे, "आवाज येतील. येऊ द्यात, जाऊ द्यात. त्यांच्यामागे धावायचं नाही."

सुरुवातीला दाराची कडी वाजली तरी तो उठून बसायचा. मग जमत गेलं. तापट स्वभावही निवला. ते आधी बायकोच्याच लक्षात आलं. "कंबरेचं मला माहीत नाही, पण घरातली आदळआपट थांबली बाई," असं ती शेजारणीला सांगायची. वर थट्टाही करायची, "घराला आग लागली ना, तरी आमचे हे आधी शवासन उरकतील!"

त्या दिवशी स्वयंपाकघरात भांडं पडलं. मग "अहो" ऐकू आलं. थोड्या वेळानं पुन्हा एकदा, जरा खोल आवाजात, "अहो." त्यानं दोन्ही हाका येऊ दिल्या, जाऊ दिल्या. आपलं मन जागचं हललं नाही, याचं त्याला बरंसुद्धा वाटलं होतं.

तिची उजवी बाजू गेली. बोलणं गेलं. तोंडात एकच शब्द उरला, अहो. पाणी हवं, अहो. उशी सरकली, अहो.

"सगळं विसरली, पण तुम्हाला हाक मारायचं नाही विसरली आई," असं म्हणून लेक डोळे पुसायची. भेटायला येणाऱ्यांना कौतुकानं सांगायची, "बाबा किती शांत आहेत बघा. इतक्या वर्षांचा योग आहे तो." ते ऐकलं की तो चहा टाकायला म्हणून उठायचा.

महिन्याभरानं लेक आपल्या घरी परत गेली. त्या दुपारी तो पलंगाशी बसून बायकोच्या उजव्या हाताची मिटलेली बोटं एकेक करून उघडत होता.

"अगं," तो म्हणाला, "मी ऐकलं होतं त्या दिवशी. भांडं पडलेलं, आणि तुझी हाकही. दोन्ही वेळा. झोप नव्हती लागली मला. नुसता पडून राहिलो."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. तिला सगळं समजतं, असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं. मग डाव्या हातानं तिनं आपला उजवा हात त्याच्या हातातून काढून घेतला, आणि तोंड भिंतीकडे केलं.

"पाणी देऊ?" त्यानं विचारलं. मग चारला विचारलं, पाचला विचारलं. तिनं मान हलवली नाही. तो दाराशी स्टूल टाकून बसून राहिला. हाक आली नाही.

दिवे लावायला आत गेला, तेव्हा चादर भिजलेली दिसली. केव्हाची कोण जाणे, कडेनं वाळतही आली होती. "अगं, बोलवायचं तरी..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

त्यानं गरम पाणी आणलं. तिचं अंग पुसलं, गाऊन बदलला. कोरडी चादर एका बाजूनं खोचून तिच्या पाठीखाली सरकवली, ती कंबरेशी अडली. त्यानं ओढली नाही. टोक हातात धरून उभा राहिला.

तिनं डोळे उघडले नाहीत. डावी टाच गादीत रोवली, कंबर थोडी वर उचलली, आणि चादर सरकेपर्यंत तशीच धरून ठेवली.