भरती बंद

संगणकावरचा तो खेळ तिने एकटीने केला होता, आणि त्यातली एकच गोष्ट तिच्या पूर्ण मनासारखी जमली होती: पाणी. अनोळखी माणसं एका किनाऱ्यावर जमायची, वाळू, शिंपले, दोरखंड आणि वाहून आलेली लाकडं घेऊन मिळून काहीबाही बांधायची, आणि मग भरती यायची. भरती सगळं घेऊन जायची. ओहोटीला किनारा पुन्हा कोरा. मग नव्याने सुरुवात, बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाबरोबर. जिंकण्याहरण्याची भानगडच नव्हती. वडील गेले त्या वर्षी तिने हे करायला घेतलं. का, ते तिला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं, तर तिने लाटांचं गणित समजावून सांगितलं असतं.

त्या गणितात एक चूक राहून गेली होती. किनाऱ्याच्या एका टोकाला खोल जागा होती, तिची उंची उणे आठ. पाणी किती चढेल याचा हिशोब करणाऱ्या ओळीत तिच्याकडून ‘उणे’ लिहायचं राहिलं. त्यामुळे ती जागा डोळ्यांना खळगा दिसे, पण पाण्याच्या लेखी ती टेकडी होती. चोहोबाजूंनी भरती चढायची आणि खळगा कोरडा ठणठणीत राहायचा.

ही गोष्ट खेळाडूंना तिच्याआधी कळली. ‘खेकडा’ नावाच्या कुणीतरी तिथे पहिलं घर बांधलं, आणि मुंग्यांना गुळाचा वास लागावा तशी माणसं लोटली. गल्ल्या झाल्या, कुंपण झालं, फाटकावर पहारा बसला. जागा पुरेना, तेव्हा नव्यांना आत घ्यायचं की नाही ते ठरवायला पंच नेमले. गावात घेण्याला ते ‘भरती’ म्हणू लागले. ‘भरती सुरू’, ‘भरती बंद’ अशा पाट्या लागल्या. समुद्राच्या भरतीला त्यांच्याकडे शब्दच उरला नाही. लागत कुणाला होता?

गावात तिची आईही होती. खेळ नवा असताना तिनेच आईच्या टॅबवर तो घालून दिला होता, दुपारी वेळ जावा म्हणून. आई तिथे ‘चष्मेवाली’ नावाने वावरत असे. आईचा चष्मा जाड, त्यामुळे तिला त्या नावात विशेष काही वाटलं नव्हतं.

“अगं, एकदा ये ना माझ्याकडे खळग्यात,” आई शेंगा सोलता सोलता म्हणायची.

“आई, मी तुझ्याच घरात राहते.”

“ते निराळं. तिथे मी तुला बोलावतेय. इथे तू नुसती असतेस.”

“मला त्या खळग्याचं काही सांगू नकोस. ती चूक आहे.”

“असेल. पण चांगली माणसं आहेत गं. समुद्राचं नाव काढलं की तेवढं तोंड वाकडं करतात.”

“समुद्र मी केलाय.”

“म्हणून तर तू माझी कोण, ते मी कुणाला सांगितलं नाही,” आई म्हणाली आणि स्वतःच्याच विनोदावर हसली.

ती गेली नाही. चूक दुरुस्त करायचं मात्र रोज मनात यायचं आणि रोज राहायचं.

एके दिवशी सकाळी ती साध्या खेळाडूचं रूप घेऊन किनाऱ्यावर उतरली. पूर्वी गजबजलेला किनारा ओस पडला होता. एकच नवखा उभा होता.

“भरती कुठे असते हो?” त्याने विचारलं.

तिला कोण आनंद झाला. “इथेच. थांब जरा, आता येईलच.”

दोघं शेजारी उभी राहिली. तिने त्याला शिंपले रचायला शिकवलं. तो मुकाट्याने रचत होता. मग पाणी आलं, अगदी तिला हवं तसं, आधी पावलांशी चुळबुळ करत, मग एकदम.

“अहो, हे काय!” नवखा ओरडला. “मी गावातली भरती विचारत होतो! फुकट वेळ घालवलात माझा.” आणि तो खळग्याच्या वाटेला लागला.

ती त्याच्या मागोमाग गेली. फाटकावर पाटी होतीच. नवखा पाटी वाचून वैतागून निघून गेला, ती उभी राहिली.

“कोण रे तू?” आतून खेकड्याने विचारलं. “भरती बंद आहे, दिसत नाही?”

“मला नुसतं बघायचंय.”

“बघायलाच येतात सगळे, मग हातपाय पसरतात. आत ओळखीचं कोणी आहे का?”

आईचं नाव ओठांवर आलं होतं. पण आपण केलेल्या जागेत आईच्या वशिल्याने शिरायचं? “हा खेळ मी केलाय,” ती म्हणाली.

“हो का? मग मी चंद्र. तुझं पाणी माझ्याच जिवावर चालतं बघ.”

कुंपणाआडचे चारपाच जण खो खो हसले. एकाने तिच्या अंगावर मूठभर वाळू टाकली.

तिने खेळ बंद केला आणि ती ओळ उघडली. ती शास्त्र शिकलेली होती; चूक दिसली की ती दुरुस्त करायची, असं तिने स्वतःला बजावलं. राग आला होता हे कबूल करायला तिला नंतर बराच वेळ लागला. तिने ‘उणे’ लिहिलं. खेळाडूंसाठीच्या सूचनेत लिहिलं: “एक जुनी चूक दुरुस्त केली.” मग ती जेवली, आणि दुसऱ्या कामाला लागली.

दुपारी आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. “अगं, पाणी आलं!”

नळाला पाणी आलं की त्या घरात हे वाक्य असंच ओरडलं जायचं. “भरून ठेव,” पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली.

आई थोड्या वेळाने दारात येऊन उभी राहिली. हातात टॅब होता.

“दुकान गेलं.”

“कुठलं दुकान?”

“आपलं.”

तेव्हा तिला कळलं. चष्म्याचं दुकान. वडील काचा घासायचे आणि आई गल्ल्यावर बसायची, ते. ते विकलं तेव्हा ती शिकायला बाहेर होती, आणि दुकानाचा साधा फोटोसुद्धा कुणाकडे नव्हता. आईने ते खळग्यात उभं केलं होतं: दोरीला पीळ देऊन केलेल्या फ्रेमा, शिंपल्यांच्या काचा, भिंतीवर लहान लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, आणि आत कोपऱ्यात वडिलांचं स्टूल. गावातली माणसं येऊन डोळे तपासून घ्यायची. खेकड्याला सगळ्यात खालची ओळ कधीच वाचता येत नसे, असं आई सांगत होती, आणि सांगताना तिचा आवाज अगदी नेहमीसारखा होता.

“थांब, आई. परत आणते मी. थांब तू.”

ती सर्व्हर उलटापालटा करत राहिली, पण उत्तर तिला बोटं चालवण्याआधीच माहीत होतं. खेळाडूंच्या नावांची, खात्यांची प्रत रोज निघायची. बांधकामाची कधीच नाही. तसं तिनेच ठरवलं होतं. जे भरतीबरोबर जायचंच, त्याची प्रत कशाला ठेवायची?

“पुन्हा बांधू,” ती शेवटी म्हणाली. “मी करते तुझ्याबरोबर. तू नुसतं सांग. गल्ला डावीकडे होता ना?”

“उजवीकडे.” आई थांबली. “तिथे उजवीकडे होता. आपल्या दुकानात...”

आईने टॅब पालथा ठेवला. “पहिल्यांदा बांधलं ना, तेव्हा एकेक आठवून बांधलं. आता आठवायला गेलं की ते शिंपल्यांचंच डोळ्यांपुढे येतं. खरं कसं होतं ते येतच नाही गं.”

“बोल मला. ओरड तरी.”

“काय ओरडू? मी तुला इतकी बोलवत होते.” आणि आई भांडी भरायला गेली, कारण नळालाही पाणी आलं होतं.

गावाने शिव्यांची लाखोली वाहिली. ती सगळी तिने वाचली, एकही वगळली नाही. शिव्यांपेक्षा वाईट होते ते साधे निरोप: ‘आमचं अंगण होतं’, ‘नवऱ्याशी इथेच बोलायचे, तो बोटीवर असतो’. तिने ‘उणे’ खोडलं. खळगा पुन्हा कोरडा झाला, कोरडा आणि रिकामा. दोनतीन दिवसांत लोक परत आले आणि घरांच्या रेघा मारू लागले. ते पाहायला बसावं म्हणून तिने बरेचदा यंत्र उघडलं, पण किनाऱ्याचा आवाज सुरू झाला की ती ते लगेच बंद करी.

शेवटी तिने खेकड्याला निरोप धाडला: सर्व्हर, सगळ्या ओळी, सगळे अधिकार गावाला देऊन टाकते आहे. काही विचारायचं असेल तर आजच विचारा.

खेकड्याचं उत्तर लगेच आलं. आता तो ‘तुम्ही’ म्हणत होता. “पाणी कायमचं बंद केलं तर चालेल का? सगळीकडचं? लोक घाबरलेत.”

त्या पाण्यावर तिने वर्षं घातली होती. लाट परतताना वाळूत भोकं राहतात आणि त्यांतून बुडबुडे येतात, तेवढ्यासाठी एक अख्खा उन्हाळा गेला होता.

“चालेल,” तिने लिहिलं.

“अजून एक. चष्मेवाली आल्या नाहीत परत. त्यांची जागा मधोमध आहे, पुष्कळांना हवी आहे. पण आम्हाला कुणाला हात लावावासा वाटत नाही. राखून ठेवू का?”

ती उठून आत गेली. आई खिडकीशी बसून लेकीचा जुना सदरा उसवत होती.

“तुझी जागा राखायची का, विचारतायत.”

आईने दोरा दाताने तोडला. “कोण? खेकडा?”

“हो.”

“भला माणूस आहे. फटकळ आहे नुसता.” तिने सदरा उलटून शिवण तपासली. “नको म्हणावं. रिकामी जागा बघून लोकांना उगाच वाईट वाटतं. देऊन टाका म्हणावं कुणाला तरी.”

“नक्की?”

“जा, ताटकळला असेल तो.”

ती परत येऊन बसली. ‘देऊन टाका’ एवढंच लिहिलं, आणि उत्तराची वाट न पाहता अधिकारांच्या यादीतून स्वतःचं नाव काढलं. खरंच काढायचं का, असं यंत्राने एकदा विचारलं. मग किनारा दिसेनासा झाला, आणि पडद्यावर कुणालाही दिसते ती चौकट आली: खेळायचं असेल तर नाव लिहा.