धुरकट पाय

मी काच बोलतेय. खिडकीची नव्हे, आरशाचीही नव्हे. दीडशे वर्षांपूर्वी शिरूरला तंबू ठोकून बसलेल्या एका फोटोवाल्याची, फोटो उमटवायची. केंदूरचे पाटील माझ्यावर उमटले, आणि त्यांची लाथसुद्धा.

माझा जन्मच आगीचा. सुरुंगात ठासतात तसला कापूस विरघळवून माझ्यावर ओतला, मग चांदीच्या जळजळीत पाण्यात बुडवलं. त्या पाण्यानं फोटोवाल्याच्या गड्याची बोटं कायमची काळी पडली होती. फोटोत पाटलांची अंगठी चमकते. गड्याची ती बोटं कुणाला दिसत नाहीत.

पाटलांचं तान्हं बाळ दूधदाई साळूबाईशिवाय कुणाकडे राहत नसे. म्हणून तिला खुर्चीत बसवलं, डोक्यापासून पायांपर्यंत जाजमानं झाकलं आणि मांडीवर बाळ ठेवलं. दाईनं धरायचं, दिसायचं नाही! शेजारी पाटील. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमट्यात अडकवलेली.

"आठ मोजेपर्यंत हलायचं नाही," फोटोवाला म्हणाला.

दोन मोजताच जाजमाखाली साळूबाई गुदमरून खोकली. पाटील भडकले. मान अडकली होती, पाय मोकळा होता. त्यांनी तिच्या नडगीवर लाथ घातली. जाजम घसरलं, तिचं तोंड उघडं पडलं. पण बाळ दचकेल म्हणून ती तसूभर हलली नाही. म्हणूनच माझ्यात सगळ्यांत स्वच्छ चेहरा तिचा आहे, आणि पाटलांचा पाय म्हणजे नुसता धूर.

फोटोवाल्यानं माझ्यावरून कागदावर फोटो छापला आणि त्यातले पाटील आणि बाळ तेवढे गोल कापून दिले. मला घासून पुन्हा वापरायचं होतं. तंबूतली पडेल ती कामं साळूबाईच्याच माथी. मला घासायला म्हणून ती घोडनदीवर गेली ती परतलीच नाही. लुगड्यात मला गुंडाळून तिनं मिशनचा बंगला गाठला.

परवा तिच्या वंशातल्या दबोरानं मला उजेडात धरून मोबाइलवर टिपलं आणि त्या लाथेच्या गोष्टीसकट गावाच्या ग्रुपवर टाकलं. दुसऱ्याच सकाळी पाटलांचे वारस, गावच्या सोसायटीचे चेअरमन हौसराव, पुतण्याला, सम्राटला, घेऊन दारात.

"बनावट फोटो हाय म्हनू आमी. काच तेवढी द्या," हौसराव म्हणाले.

"बनावट हाय तर काच कशाला पायजे, आप्पा?" दबोरा म्हणाली.

तिचे आजोबा, मॅथ्यूआबा, घाईघाईनं खुर्ची पुसत होते. "दे गं पोरी. गावात ऱ्हायचंय आपल्याला."

"आबा, पुसा तुम्ही खुर्च्या! जल्मभर त्येच केलं."

सम्राटनं झडप घातली. दबोरानं सोडलं नाही. मी उंबऱ्यावर आपटले, दोन तुकडे झाले. तिचा तळवा फाटला. ती वाकून मला वेचू लागली, तशी हौसरावांनी तिच्या हातावर लाथ उचलली.

पाय हवेतच थांबला. आबांनी तो दोन्ही हातांनी धरला होता. म्हातारा तो सोडत नव्हता.

"एका लाथंचा फोटू हाय आमच्याकडं, आप्पा. ही तर मी डोळ्यानं बघतुय."

एका पायावर उभे राहिलेले चेअरमन मी पहिल्यांदाच पाहिले.

आता मी अंगणात आहे. कॉलेजातून शिकून दबोरानं कागदाला चांदीचं पाणी लावलंय. तिचीही बोटं काळी पडलीत. माझे तुकडे जोडून तिनं त्यावर ठेवलेत; आता उन्हानं माझ्यातला फोटो कागदावर उतरायचा. तडा पाटलांच्या छातीतून गेलाय. साळूबाई शाबूत आहे.

माझं मागणं एवढंच: समोरून बाजूला व्हा, ऊन येऊ द्या. आणि या वेळी मला गोल कापू नका.