कडेवरच्या खाचा

अंगठ्याच्या नखाला कडेवर कुठेच काही अडेना, तेव्हा तो मनातल्या मनात खूश झाला — नखाला जे लागत नाही ते डोळ्याला दिसत नाही, चष्म्याच्या दुकानात तीस वर्षं काचा घासताना एवढी एक गोष्ट त्याने पक्की केली होती. समोर वर्तमानपत्रावर दादाचा रॅक. पोकरच्या चकत्या ठेवायचे चार लांबट खण, मधे पत्त्यांच्या दोन जोडांची जागा, वर धरायला मूठ. दादाने कधीतरी जुन्या बाजारातून मातीमोल भावाने उचललेला, लाकूडही यथातथाच. दादा गेल्यावर आठ महिन्यांनी वहिनी तो पिशवीत घालून घेऊन आली आणि म्हणाली, हाताला चिकट लागतो हो, तेवढं बघा. तेवढंच बघेल तर तो कसला. स्पिरिटच्या बोळ्याने जुनं पॉलिश उतरवलं, मग प्रत्येक खणाच्या कडेवर कुणीतरी चाकूने ओरबाडून ठेवलं होतं — पोरांचे उद्योग, दुसरं काय — ते भुसा आणि सरस कालवून बुजवलं, वाळल्यावर पॉलिशपेपर, आधी जाड, मग बारीक, मग लाखेच्या पॉलिशचे पाच हात. बायको येता-जाता म्हणाली, "एवढा जीव माणसांना लावला असतात तर." ती सहज बोलली. त्याने ऐकलं नाही असं दाखवलं, कारण ऐकलं होतं.

दुपारी वहिनीचा फोन आला. संध्याकाळी न्यायला येते म्हणाली.

"चकाचक केलाय," तो म्हणाला. "ओळखणार नाही तुम्ही."

"आणि त्या खाचा? त्या आहेत ना नीट?"

"कसल्या..."

"ह्यांनी केलेल्या. हाताला रंग कळावा म्हणून. तुम्ही त्या रविवारी बोललात ना, दुसऱ्या दिवशी हे चाकू घेऊन बसले. बोट कापून घेतलं. म्हणाले, आता तो आला की दाखवतो त्याला." वहिनी हसली. "आता मीही चाचपूनच लावते चकत्या. शेजारच्या मावशी येतात ना, आम्ही दोघी खेळतो. दिवे गेले तरी अडत नाही आमचं."

"आहेत," तो म्हणाला. "आहेत की."

फोन ठेवला तेव्हा कान तापले होते. साठी उलटलेल्या माणसाचे कान, आणि शाळेत कॉपी करताना धरल्यासारखे...

तो रविवार. दादाकडचा नेहमीचा डाव. दादाने पांढरी टाकायची तिथे निळी टाकली, मग लाल, मग चकत्या टेबलाखाली घरंगळल्या आणि दादा गुडघ्यांवर बसून फरशी चाचपायला लागला — आणि सगळे थांबले होते, नुसते थांबले होते, कुणालाच घाई नव्हती, घाई होती ती फक्त यालाच. दादा, आता तू राहू दे, आम्ही खेळतो. आवाजही चढवला नव्हता. दादा उठला, गुडघे झटकले, म्हणाला, बरं. दादाचे चष्मे यानेच बनवले होते, दर खेपेला जाड, आणि शेवटी आता चष्म्याने काही होणार नाही हेही यानेच सांगितलं होतं, दुकानात, गिऱ्हाइकाला सांगावं तसं. त्यानंतर चार वर्षं रविवारी कधी पाठ धरली, कधी पाहुणे आले, कधी काहीच झालं नाही तरी तो गेला नाही. म्हणजे चार वर्षं दर रविवारी दादा त्या खाचांशी बसला असेल, दाराकडे कान लावून. आणि याने त्या घासल्या. दादाकडे एकदा जरी गेला असता तर घासल्या नसत्या — इतकं ते सोपं होतं. वहिनीला सांगायचं म्हणजे नेमकं हेच सांगायचं.

त्याने चाकू घेतला. पुन्हा करता येतील, हात बसलेला आहे, कुणाला कळणारही नाही... पातं कडेवर टेकवलं आणि हात थांबला. पांढऱ्याला किती? लाल कुठल्या खणात? बुजवताना त्याने त्या मोजल्याही नव्हत्या. विचारायचं तर वहिनीलाच, आणि मघाशी तो आहेत म्हणाला होता. लाज वाटली, तीही खोटं बोलल्याची नव्हे. चार खाचा अंदाजाने ओढाव्यात आणि त्यावर वहिनीचं बोट दादाचं समजून फिरावं, हे आपल्याला सुचलं याची.

चाकू त्याने ड्रॉवरमध्ये टाकला. निदान ती यायच्या आत आपण तो पुन्हा हातात घेऊ नये म्हणून ड्रॉवर ढकलून पुरता बंद केला. ती आली की आधी हात लावणार, मग बघणार. मग विचारेल, किंवा विचारणारही नाही, बरं म्हणेल — दादासारखं...

तो खुर्चीत बसला, रॅक मांडीवर घेतला आणि डोळे मिटले. अंगठा कडेवरून चालवला. पहिला खण, मग दुसरा असावा, मग... मधेच कुठेतरी तो चुकला. परत सुरुवातीला आला. जिन्यात पावलं वाजली, वहिनीचीच असावीत, की वरच्या मजल्यावरच्या कुणाची. त्याने डोळे उघडले नाहीत. अंगठा पुन्हा निघाला, हळू, एकेक बोटभर थांबत, आणि कडेवर कुठेच काही अडलं नाही.